मशीन वापरून झाली, आता ठेवायची कुठे?
(ग्राइंडर, ड्रिल, फवारणी पंप आणि त्यांच्या सुट्या सामानाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच मशिनी पडून राहून बिघडलेल्या असतात. वेल्डिंगवाला किंवा सुतार रोज मशीन चालवतो. तिचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजतात, बेअरिंग वाजू लागते, ते बदलले की काम संपले. शेतकऱ्याच्या घरची मशीन मात्र वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघते, बाकी सारा काळ शेडमध्ये नाहीतर खाटेखाली. "काईच नाई केलं भाऊ, ठेवूनच होती," असे सांगत गिऱ्हाईक ती आणून देतो आणि ते खोटे नसते. उघडून पाहिले की स्विचच्या आत तांबे हिरवे पडलेले असते किंवा मुठीजवळची वायर उंदराने कुरतडलेली असते. हे पत्रक त्यासाठी.

जागा

टिनाच्या शेडमधला माळा सर्वांना सोयीचा वाटतो, पण तोच सर्वांत वाईट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि नवतप्यात टिनाला लागून असलेल्या वस्तूला हात लाववत नाही. वायरवाली मशीन एवढी धग सोसते, बॅटरी सोसत नाही.

दुसरी टाळायची जागा म्हणजे खताची खोली. युरिया आणि पोटॅश पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतात, फोडलेल्या पोत्याखालची जमीन ओली दिसते ती त्यामुळेच. पोटॅश हे एक प्रकारचे मीठच आहे. ते ओल्या हवेत लोखंडाशेजारी राहिले की ड्रिलचा चक (बिट धरणारा जबडा) आणि बिट एका पावसाळ्यात गंजतात. सिमेंटचे फुटके पोतेही जवळ नको, त्याची पूड बेअरिंगमध्ये शिरते.

मशीनसोबत आलेला पुठ्ठ्याचा खोका बिल आणि वॉरंटी कार्डापुरता ठेवा. पुठ्ठा ओल धरतो आणि त्याला उधई लागते. त्यापेक्षा घरातली जुनी लोखंडी पेटी काढा, लग्नात आलेली असते ना, तीच. तिच्यात उंदीर शिरत नाही, धूळ जात नाही आणि कुलूप लावले की लेकरांचाही हात पोचत नाही. फक्त ती जमिनीवर टेकवू नका, खाली चार विटा ठेवा, नाहीतर सारवलेल्या जमिनीची ओल खालून चढते. मशीन पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापड पुरे.

कापूस घरात भरलेला असेल तेव्हा त्या खोलीत ना ग्राइंडर चालवा, ना बॅटरी चार्जिंगला लावा. ठिणगीची भीती सगळ्यांना कळते. दुसरी गोष्ट लक्षात येत नाही: उडणारी रुई ग्राइंडर मागच्या जाळीतून आत ओढतो. आम्ही उघडलेल्या काही ग्राइंडरमध्ये फील्डच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या गुंडाळीच्या) तारांवर तिचा नमद्यासारखा थर निघाला आहे. त्या थराने हवा अडते आणि मशीन गरम होऊन जळते. काम झाले की पिन काढा, जाळी कोरड्या ब्रशने झाडा आणि मगच पेटीत ठेवा.

बॅटरी: दोन जातींचा स्वभाव उलटा

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल-ग्राइंडरमध्ये आता लिथियम बॅटरी असते. फवारणीच्या बऱ्याच पंपांत अजून १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी येते. दोन्ही एकाच पद्धतीने ठेवल्या तर एक नक्की जाते.

लेड-ॲसिड भरलेलीच ठेवायची. फवारणी संपली की पंप धुवा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि नंतर महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो. मग पुढच्या हंगामात चार्जरचा दिवा हिरवा होतो, पण दोन पंप मारले की ती बसते. घरी मल्टिमीटर असेल तर चार्जर काढून काही तासांनी तपासा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.४च्या खाली असेल तर पुन्हा चार्ज करा.

लिथियमला पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवणे मानवत नाही. चार दिव्यांपैकी दोन लागतील एवढी भरा, मशीनमधून बाहेर काढा आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. उन्हाळ्यात दुपारी तुम्ही स्वतः जिथे आडवे होता, ती खोली बॅटरीलाही चांगली. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आणि बंद गाडीत तर मुळीच नको. उन्हातून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. बहुतेक कंपन्या ४० अंशांच्या आसपास चार्जिंगची मर्यादा सांगतात, म्हणून मे महिन्यात पहाटे चार्ज केलेली बरी. सुट्या बॅटरीसोबत त्याच डब्यात स्क्रू-खिळे टाकू नका. बॅटरीच्या तोंडावरच्या धातूच्या पत्त्यांना लोखंड आडवे लागले की शॉर्ट होतो.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, चुलीजवळ ठेवू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे खराब बॅटरी बाकी कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. आमच्याकडे आणून द्या, पैसे पडणार नाहीत.

पंपातली बॅटरी कोणत्या जातीची हे तिच्यावरच्या लेबलवर असते. लेबल पुसले असेल तर पंप घेऊन या, आम्ही पाहून सांगतो.

चकत्या, बिट आणि हरवणारा पाना

मोठ्या वर्कशॉपमध्ये सगळे बिट एका रॅकवर आणि सगळ्या चकत्या दुसऱ्यावर असतात. घरी तसे करू नका, एका मशीनचे सामान एकाच पिशवीत ठेवा. ग्राइंडरच्या पिशवीत त्याचा गार्ड, बाजूची मूठ, पाना आणि त्याच्याच मापाच्या चकत्या. पाना हरवला की लोक छन्नी-हातोडीने नट सोडवतात आणि स्पिंडल (चकती बसते तो दांडा) वाकवून आणतात. पान्यापेक्षा स्पिंडल कितीतरी महाग पडतो.

४ इंची ग्राइंडरच्या चकतीचे भोक १६ मिमीचे आणि ५ इंचीचे २२ मिमीचे असते. दोन्ही एका पिशवीत राहिल्या की घाईत कुणीतरी गार्ड काढून, वायसर भरून मोठी चकती लहान मशीनला बसवतोच. तसेच १४ इंची चॉप सॉची (लोखंड कापायच्या टेबल मशीनची) चकती मिनिटाला साधारण ४,३०० फेऱ्यांसाठी बनलेली असते आणि ४ इंची ग्राइंडर ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. झिजून लहान झालेली ती चकती एवढ्या वेगात फुटू शकते, म्हणून ग्राइंडरला लावण्यासाठी जपून ठेवू नका, तिथेच मोडून फेका.

कटिंगच्या चकत्या सपाट फळीवर आडव्या ठेवा, भिंतीला टेकवल्या की पातळ चकती वाकते. ओल लागलेली चकती वापरू नका. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष छापलेले असेल तर ती तिची मुदत, बनवल्यापासून जास्तीत जास्त ३ वर्षांची. स्वस्त मिळतात म्हणून डझनाने घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. आमची विक्री कमी होईल, पण दोन-तीनच न्या.

बिट ओळखायला टोक पाहा. भिंतीच्या बिटाच्या टोकाला वेगळ्या धातूचा तुकडा जोडलेला दिसतो आणि तो दांड्यापेक्षा जरा रुंद असतो. लोखंडाचा बिट टोकापर्यंत एकसंध असतो. एका डब्यात खडखडले की भिंतीच्या बिटाचे टोक टवकते आणि लोखंडाच्या बिटाची धार जाते. सागाच्या ओंडक्याला भोके पाडून त्यात उभे करा आणि पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवा. ड्रिलच्या चकची चावी दोरीने वायरला बांधायची तर पिनेजवळ बांधा, मशीनजवळ नको. म्हणजे बिट बदलताना पिन काढावीच लागते.

वायर आणि पेट्रोल

वायर मशीनभोवती करकचून गुंडाळू नका, मुठीजवळ आतून तुटते. सैल वेटोळे करून खुंटीला टांगा. पावसाळ्यात ओल लागलेली मशीन थेट चालू करू नका, दोन दिवस ऊन दाखवून मग तपासायला आणा.

चेनसॉ आणि ब्रशकटरची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. इथेनॉलचे पेट्रोल ओलावा धरते आणि कार्बोरेटर चोक होतो. पेट्रोलची कॅन बॅटरी-चार्जरच्या खोलीत ठेवू नका.

दुकानात आणताना

मशीन आणताना पिशवीतले सगळे सामान सोबत आणा, विशेषतः जुने कार्बन. त्यांच्या मापावरून नवे लगेच देता येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी मशीन टाकून जा. कार्बन, स्विच किंवा वायरचे काम असेल तर बाजार करून परतताना मिळेल, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) नव्या तारेने भरायचे असेल तर पुढच्या बाजाराला.