कंप्रेसरचा संथ अटॅक

आवाजाची पातळी थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, वर गेली की ती आपोआप खाली ओढणारे उपकरण म्हणजे कंप्रेसर. ही कपात पुरी व्हायला जो वेळ लागतो, त्याला अटॅक म्हणतात. स्नेअर ड्रमवरचा फटका, गिटारची छेडलेली तार, गाण्यातला ‘प’ किंवा ‘ट’ यांच्या सुरुवातीला क्षणिक उसळी येते. हाच ट्रान्झियंट. तो काही मिलिसेकंदांत ओसरतो. अटॅक त्याहून संथ असेल, तर उसळी जवळपास जशीच्या तशी निसटते आणि मागे राहिलेला नाद तेवढा दाबला जातो.

अटॅक म्हणजे कंप्रेसर थांबून राहण्याचा काळ, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक कंप्रेसरमध्ये थ्रेशोल्ड ओलांडताच कपात सुरू होते, आकडा फक्त तिचा वेग सांगतो. तोही सगळे उत्पादक एकाच रीतीने मोजत नाहीत. कुणी कपात सुमारे ६३ टक्के पुरी होण्याचा वेळ धरतो, कुणी ९० टक्के. म्हणून नॉबवरच्या आकड्यापेक्षा कानावर भिस्त ठेवलेली बरी.

संथपणा पुष्कळदा सर्किटमधूनच येतो. टेलिट्रॉनिक्स एलए-२ए या ऑप्टिकल कंप्रेसरमध्ये सिग्नलने एक छोटा दिवा उजळतो आणि त्या उजेडाने प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध बदलतो. या साखळीला सरासरी १० मिलिसेकंद लागतात. याउलट एफईटीवर (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) चालणाऱ्या ११७६ या कंप्रेसरचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद आहे, म्हणजे त्याची सर्वांत संथ जागाही एलए-२एच्या कितीतरी पुढे. (११७६चा नॉब उजवीकडे फिरवला की अटॅक जलद होतो, नवख्यांची इथे हमखास फसगत होते.)

ध्वनिमुद्रण करताना खरा घोटाळा मेकअप गेनमुळे, म्हणजे दाबलेली पातळी पुन्हा वर उचलल्यामुळे, होतो. समजा, स्नेअरचे शिखर उणे ६ डेसिबलवर आहे आणि संथ अटॅकने मागचा नाद ६ डेसिबलने दाबला. ती घट भरून काढायला गेन ६ डेसिबलने वाढवला, की न दाबलेले शिखर थेट शून्यावर, डिजिटल कमाल मर्यादेवर जाऊन आदळते. म्हणजे कंप्रेसर लावून शिखर आणि नाद यांतले अंतर उलट वाढले. कपात दाखवणाऱ्या व्हीयू मीटरच्या काट्यालाही स्थिरावायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तो यातले काहीच उघड करत नाही. सिग्नल डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेवर कापला गेलेला, आवाज पुढे मूळ रूपात मिळत नाही. संथ कंप्रेसरला शिखरांचा राखणदार समजू नये. ते काम पुरेशा हेडरूमचे (कमाल मर्यादेखाली राखलेल्या मोकळ्या जागेचे) किंवा जलद लिमिटरचे (शिखर ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणाऱ्या उपकरणाचे).

तरीही अटॅक मुद्दाम संथ ठेवतात, कारण फटक्याची धार त्यातच टिकते. बेससाठी तर ते जवळपास आवश्यकच असते. ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. अटॅक आणि रिलीज (कपात मागे घेण्याचा वेळ) दोन्ही त्याहून फार जलद असतील, तर कंप्रेसर पातळीऐवजी तरंगाचा आकारच वाकवतो आणि आवाज करकरीत होतो. गायनात संथ अटॅकने व्यंजने स्पष्ट राहतात, पण माइक जवळ असेल तर ती टोचतात. त्यावर आधी जलद कंप्रेसरने शिखरे हलकेच छाटून मग संथ कंप्रेसरने एकूण पातळी सावरणे, ही जोडी बरीच वापरली जाते.

डिजिटल कंप्रेसरमध्ये लुकअहेडची सोय असते. मूळ सिग्नल काही मिलिसेकंद रोखून धरला जातो, त्यामुळे शिखर पोहोचण्याआधीच कपात सुरू करता येते. मात्र हाच विलंब गायकाच्या हेडफोनमध्येही ऐकू येतो. म्हणून लुकअहेडचा उपयोग मुद्रणापेक्षा मिक्सिंगमध्ये जास्त होतो.