जळजळ जेवणाची कमी, आडवं होण्याची जास्त

रात्री साडेनऊला पिठलं-भाकरी, ठेचा, वर थोडा भात. दहाला अंथरुणात. बाराच्या सुमारास छातीच्या मधोमध जळजळ आणि घशाशी आंबट पाणी. सकाळी सगळा दोष ठेच्याच्या माथी! माझ्या मते ठेचा इथे बराचसा निर्दोष आहे.

ॲसिड जठरात असायलाच हवं. ते अन्न पचवायला मदत करतं, जंतू मारतं. जठराच्या आतल्या अंगाला चिकट श्लेष्माचं जाड संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. दोघांच्या सांध्यावर स्नायूंची वर्तुळाकार झडप असते आणि तिला श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचा, बाहेरून आधार मिळतो. घास गिळताना ती उघडते. पण गिळत नसतानाही, पोटातला वायू सोडायला ती अधूनमधून सैल पडते. ढेकर येते ती अशीच. पोट जितकं तट्ट फुगलेलं, तितकी ती जास्त वेळा सैल पडते आणि वायूबरोबर ॲसिडही वर येतं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ॲसिड जास्त झालेलं नसतं, ते नको त्या जागी पोचलेलं असतं.

पोटभर जेवल्यावर अन्नामुळे ॲसिड सौम्य होतं, मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का? 2001 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांना याचं उत्तर सापडलं. जेवणानंतर झडपेच्या अगदी खाली, अन्नाच्या वरच्या बाजूला, अन्नात न मिसळलेल्या ॲसिडचा एक थर साचतो. झडप सैल पडली की पहिला तोच वर येतो.

अशात आपण आडवे होतो. बसलेलं असताना वर आलेलं ॲसिड गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं आणि गिळलेली लाळ उरलंसुरलं धुऊन काढते, कारण लाळेत ॲसिड मारणारं बायकार्बोनेट असतं. झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणंही फार कमी होतं. ॲसिड तिथेच रेंगाळतं. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. घरी पोचायलाच नऊ वाजणाऱ्यांना हे अवघड आहे, मान्य. त्यांनी दुपारचं जेवण मुख्य ठेवावं आणि रात्री थोडक्यात आटपावं.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उचलावी. उशांची चळत उपयोगाची नाही. तिने मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. कुशीवर झोपायचं तर डाव्या. तेव्हा झडप जठरातल्या ॲसिडच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर ती खाली जाते.

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाही खरा उपाय. 2006 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा वजन घटवणं आणि डोक्याकडची बाजू उचलणं या दोन गोष्टींच्या बाजूने पुरावा होता. ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ या लांबलचक याद्यांना मात्र तो फारसा नव्हता. तिखटाने आधीच चुरचुरणारी अन्ननलिका जास्त झोंबते, हे खरं. पण कुणाला चहा बाधतो, कुणाला टोमॅटो. दोन आठवडे वहीत लिहून आपलं आपण शोधावं. तळलेलं पोटात जास्त वेळ रेंगाळतं, ते रात्री नकोच. उपवासाचंही तसंच. दिवसभर रिकामं पोट आणि संध्याकाळी साबुदाणा वडे: एकादशी आणि दुप्पट खाशी!

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे पुन्हा ॲसिड सुटतं. खाण्याच्या सोड्याच्या फेसाळ पुड्यांनी ॲसिड मारलं जातं, पण वायू होतो, पोट फुगतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर, रक्तदाबवाल्यांनी जपावं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल जातीच्या, ॲसिड तयार होणंच कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी त्या रात्री फारशी कामाची नाही. आणि डॉक्टरांना न विचारता त्या वर्षानुवर्षं चालू ठेवू नयेत.

घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावं. छातीत दाटून येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सोडा पीत बसू नये. तडक हॉस्पिटल गाठून ईसीजी काढून घ्यावा.