विच स्ट्रीट

विच स्ट्रीट : लंडनमधील एक नामशेष रस्ता. स्ट्रँड या हमरस्त्यावरील सेंट क्लेमेंट डेन्स चर्चपासून निघून तो तिरपा ड्रुरी लेनच्या दक्षिण टोकाकडे जाई. १९०१ च्या सुमारास तो पाडला गेला; त्याची जागा आजच्या ऑस्ट्रेलिया हाउसच्या परिसरात येते.

नावाचा चेटकिणीशी किंवा ‘विच एल्म’ वृक्षाशी संबंध नाही. ‘विच’ हा ‘ऑल्डविच’ या परिसराच्या जुन्या नावाचा तुटलेला उत्तरार्ध होय. ड्रुरी लेनही पूर्वी ऑल्डविचचाच मार्ग म्हणून ओळखली जाई. तिला ट्यूडर काळात ड्रुरी घराण्याच्या वाड्यावरून नवे नाव पडले. खालच्या तुकड्याला मात्र जुने नाव, तेही अर्धे, चिकटून राहिले. ‘आल्डेविच’ हे रूप तेराव्या शतकाच्या आरंभापासून आढळते. प्राचीन इंग्लिशमधील ‘आल्ड’ म्हणजे जुना आणि ‘वीच’ म्हणजे वस्ती, विशेषतः व्यापारी पेठ. हा दुसरा शब्द लॅटिन ‘वीकुस’वरून आला असून संस्कृत ‘विश्’ (वस्ती, लोक) त्याच मूळ धातूकडे जातो.

पण जुनी वस्ती कोणती? चर्चच्या नावातील ‘डेन्स’मुळे ती डॅनिश लोकांची, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्टिन बिडल व ॲलन व्हिन्स यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, सातव्या ते नवव्या शतकांतील सॅक्सन बंदर ‘लुंडनविक’ लंडनच्या रोमनकालीन तटाच्या पश्चिमेस, स्ट्रँड व कॉव्हेंट गार्डनच्या भागात होते. ज्युबिली हॉल (१९८५) व मेडन लेन (१९८६) येथील उत्खननांनी याला बळ दिले. आल्फ्रेड राजाने ८८६ च्या सुमारास तटाच्या आत पुन्हा वस्ती वसवली. त्यामुळे बाहेर उरलेली पेठ ‘जुनी’ ठरली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. चर्चच्या नावाचा प्रश्न वेगळा ठेवावा.

१६६६ ची लंडनची मोठी आग टेंपल या वकिलांच्या वसाहतीच्या पलीकडे पश्चिमेस पोहोचली नाही. त्यामुळे पुढे झुकलेल्या मजल्यांची लाकडी चौकटीची घरे येथे अखेरपर्यंत टिकली आणि १८७० च्या दशकात त्यांची छायाचित्रे घेतली गेली. न्यू इन ही वकिलीच्या विद्यार्थ्यांची वसतिसंस्था आणि ऑलिंपिक नाट्यगृह याच रस्त्याशी निगडित होते.

लंडन काउंटी कौन्सिलने १८९९ च्या कायद्यान्वये हा भाग मोकळा केला. शेजारची हॉलिवेल स्ट्रीटही त्यातच गेली. १०० फूट रुंद किंग्जवेचे उद्घाटन १८ ऑक्टोबर १९०५ रोजी झाले, तर त्याला स्ट्रँडशी जोडणाऱ्या, कमानीसारख्या वळलेल्या रस्त्याला ‘ऑल्डविच’ हे पूर्ण नाव देण्यात आले. ही कमान म्हणजेच जुनी विच स्ट्रीट, असा समज चुकीचा आहे : कमान जुन्या मार्गाला छेदते, त्याच्यावरून जात नाही. नकाशे जुळवताना चर्च व ड्रुरी लेनचे टोक हे स्थिर बिंदू धरावेत.