प्रज्ञावान विद्यार्थ्यांची शालेय ओळख

प्रज्ञावान विद्यार्थ्यांची शालेय ओळख : वयाच्या मानाने आकलन, तर्क, भाषा, गणित किंवा एखाद्या विशिष्ट विषयात पुष्कळ पुढे असलेली आणि त्यामुळे वर्गातील नेहमीच्या अध्यापनाहून वेगळ्या अध्यापनाची गरज असलेली मुले शाळेने हेरणे, त्यांची पारख करणे व त्यांच्यासाठी योग्य ती व्यवस्था ठरविणे, अशी ही प्रक्रिया आहे. ‘प्रज्ञावान’, ‘असामान्य बुद्धीचा’, ‘प्रगत’ ही विशेषणे व्यवहारात एकाच अर्थाने वापरली जातात. वास्तविक ‘प्रगत’ हा शब्द मूल आज कोठवर पोहोचले आहे हे सांगतो, तर ‘प्रज्ञावान’ हा शब्द त्याच्या क्षमतेविषयी केलेले अनुमान सांगतो. यांपैकी नेमके काय शोधायचे आहे यावर कसोटीची निवड अवलंबून असायला हवी. प्रत्यक्षात शाळा हाताशी असलेली कसोटी आधी घेतात आणि व्याख्या तिच्याशी मागाहून जुळवितात. या क्षेत्रातील बरेचसे वाद तेथूनच सुरू होतात.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. मुलांना लहानपणापासून पारखून त्यांतून राज्यकर्ते घडवावेत, ही कल्पना प्लेटोने आपल्या आदर्श राज्याच्या मांडणीत सुचविली होती. तांग काळातील चीनमध्ये साधारणतः दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अभिजात ग्रंथांच्या ज्ञानाची वेगळी परीक्षा असे. ऑटोमन साम्राज्यात सक्तीने गोळा केलेल्या मुलांपैकी निवडक मुले राजवाड्यातील एन्देरून या विद्यालयात घेतली जात, आणि काही लेखक याच विद्यालयाला प्रज्ञावंतांसाठीची पहिली शाळा मानतात. हे मत सावधपणेच स्वीकारावे लागते, कारण या तिन्ही ठिकाणी शोध राज्याला उपयोगी पडणाऱ्या माणसांचा होता. मुलाच्या शिकण्याच्या गरजेचा विचार त्यामागे नव्हता. शालेय प्रक्रिया या अर्थाने तिचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे विल्यम टॉरी हॅरिस यांनी १८६८ च्या सुमारास लवचिक वर्गोन्नतीची पद्धत सुरू केली. तीत झपाट्याने शिकणाऱ्या मुलांना वर्षअखेरीची वाट न पाहता वरच्या वर्गात पाठविले जाई. प्रमाणित कसोटी तेव्हा उपलब्ध नव्हती. शिक्षकाचा अभिप्राय हाच आधार होता. १८६९ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी बुद्धिमत्तेच्या आनुवंशिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना अनेकदा या क्षेत्राचे जनक म्हटले जाते, परंतु त्यांचा अभ्यास नामांकित पुरुषांच्या कुळांचा होता, शाळेतील मुलांचा नव्हे. व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांचे सांख्यिकीय वितरण मांडणे हाच त्यांचा या विषयाशी खरा संबंध होय.

कसोट्यांचा इतिहास वेगळ्याच प्रश्नापासून सुरू झाला. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, याचा विचार करण्यासाठी फ्रेंच शासनाने १९०४ मध्ये एक आयोग नेमला होता. त्या निमित्ताने आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० घटकांची श्रेणी तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत घटकांची मांडणी वयानुसार झाली आणि ‘मानसिक वय’ (मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतके प्रश्न सोडविते ते वय) ही कल्पना रूढ झाली. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली. लुइस टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकाराला १०० ने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा भरले, तर त्याचा बुद्धिगुणांक १२५. पुढे हे गुणोत्तर मागे पडले, कारण वय वाढत जाते तसा त्याच अंकाचा अर्थ बदलत जातो. आज मुलाची तुलना समवयस्कांच्या सरासरीशी केली जाते.

टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे १,५०० प्रज्ञावान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. पहिली चाळणी म्हणून शिक्षकांना वर्गातील सर्वांत हुशार मुलांची नावे विचारली गेली आणि त्याबरोबरच वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलाचे नावही घेतले गेले. शिक्षकाच्या पसंतीपेक्षा जन्मतारीखच अधिक भरवशाची ठरते, असे टर्मन यांना आढळले. हुशार म्हणून शिक्षकाच्या नजरेत भरलेले मूल बरेचदा वर्गात वयाने मोठे असे. याच अभ्यासासाठी तपासलेल्या पण निकषाखाली राहिल्याने वगळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली व लुइस अल्व्हारेझ हे दोघे होते, असे सांगितले जाते. पुढे या दोघांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक अनुक्रमे १९५६ व १९६८ मध्ये मिळाले. हे उदाहरण कसोटी निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा दिले जाते. तेवढा भार ते पेलत नाही, मात्र रेषेच्या किंचित अलीकडे राहिलेल्या मुलाविषयी ठाम भाकीत करू नये, हे त्यातून नक्कीच दिसते.

गुणांक आणि सीमारेषा : सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ असलेल्या मापनपट्टीवर १३० ही प्रचलित सीमारेषा सरासरीपासून दोन प्रमाण विचलने वर येते, आणि तिच्यावर सुमारे २.३ टक्के मुले असतात. प्रमाण विचलन १६ असलेल्या जुन्या पट्टीवर याच स्थानासाठी १३२ हा आकडा लागतो, म्हणून कोणत्या कसोटीचा आहे हे न सांगता उद्धृत केलेला गुणांक निरर्थक ठरतो. कसोटी कितीही चांगली असली तरी मापनात त्रुटी राहतेच. विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यास गुण किती सारखे येतात याचे १ पर्यंतचे माप) ०.९५ इतकी उच्च धरली तरी प्रमाण मापनत्रुटी सुमारे ३.४ गुणांची निघते. म्हणजे १२८ गुण मिळविलेल्या मुलाचा खरा गुण साधारणपणे १२१ ते १३५ या पट्ट्यात कोठेही असू शकतो. तरीही १३० ला प्रवेश आणि १२८ ला नकार, अशी पत्रे घरोघरी जातात. हा भेद मुलांमधला नसतो, मापनाच्या मर्यादेतून आलेला असतो, आणि पालकांना तो तसा समजावून सांगणे हे शाळेचे कर्तव्य आहे. प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी आधी नोंदलेले समवयस्कांचे गुण, जुनी झाल्यानेही गुणांक फुगतात. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखविले, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणकांवर मोजलेले मूल प्रत्यक्षाहून वरचे दिसू शकते.

एकाच गुणांकावर विसंबू नये म्हणून अनेक साधने एकत्र वापरावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. ती एकत्र कशी करायची, हा प्रश्न मात्र फार थोड्या शाळा विचारतात. बुद्धिकसोटी, संपादणूक चाचणी आणि शिक्षकांची पदनिश्चयन श्रेणी (मुलाच्या गुणवैशिष्ट्यांना शिक्षकाने दिलेले दर्जे) या तिन्हींत मूल वर असलेच पाहिजे असा नियम केला, तर तीन साधने वापरूनही जाळे अधिक अरुंद होते, कारण प्रत्येक साधनाची त्रुटी मुलाच्या विरुद्ध जमा होत जाते. कोणत्याही एकात वर असले तरी चालेल असे ठरविले, तर निवडलेल्यांची संख्या बरीच वाढते आणि नशिबाने वर आलेली मुलेही आत येतात. तिन्हींची सरासरी काढणे हा मधला मार्ग सांख्यिकीय दृष्ट्या बहुधा सर्वांत स्थिर ठरतो.

शिक्षकांची शिफारस : मापनाच्या या सूक्ष्म चर्चेपेक्षा, कसोटीला कोण बसणार हे ठरविणारी पहिली पायरी अधिक महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सी. डब्ल्यू. पेग्नाटो व जे. डब्ल्यू. बर्च यांचा १९५९ चा अभ्यास या संदर्भात नेहमी आधाराला घेतला जातो. त्यांनी पाहिलेल्या शाळेत वैयक्तिक कसोटीवर १३६ किंवा अधिक गुणांक असलेली ९१ मुले आढळली. शिक्षकांनी १५४ नावे सुचविली होती, त्यांत या ९१ पैकी ४१ मुले होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले शिक्षकांच्या नजरेतून सुटली आणि सुचविलेल्यांपैकी जेमतेम २७ टक्के निकषाला उतरली. सामूहिक बुद्धिकसोटीत ११५ ही रेषा धरली असता ९१ पैकी ८४ मुले सापडली, मात्र त्यासाठी ४५० मुलांना पुढे पाठवावे लागले. या आकड्यांवरून शिक्षक हे पारखी नव्हेत, असा निष्कर्ष तीन दशकांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिला. फ्रांस्वा गान्ये यांनी १९९४ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एखाद्या साधनाने किती नावे द्यावीत हेच ठरलेले नसेल, तर ‘किती सापडली’ आणि ‘किती बरोबर निघाली’ ही दोन्ही प्रमाणे एकमेकांना खाली ओढतात, आणि दोन्ही एकत्र मोजली तर शिक्षक इतर बहुतेक साधनांपेक्षा वाईट ठरत नाहीत, असे त्यांनी दाखविले. गान्ये यांचे विवेचन अधिक ग्राह्य वाटते. त्यात आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते : शिक्षकांना काय विचारले जाते यावर बरेच ठरते. ‘वर्गातील हुशार मुले कोणती’ असे विचारले की नीटनेटक्या वह्यांची, वेळेवर गृहपाठ देणारी आणि प्रश्नाला हात वर करणारी मुले आठवतात. ‘शिकवून झालेल्या गोष्टीवर तुम्हांला अपेक्षित नसलेला प्रश्न कोण विचारते’ असे विचारले, तर यादीत वेगळी नावे येऊ लागतात. गणिताचे उत्तर बरोबर देऊन पायऱ्या न लिहिणारा, गुण कापले गेलेला मुलगाही त्यात असतो.

शिफारशीची अट काढून टाकली तर काय होते, याचे उदाहरण फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात मिळते. तेथे २००५ पासून दुसरीच्या सर्वच मुलांची अशाब्दिक चाळणी चाचणी घेतली जाऊ लागली. गुणांकाची सीमारेषा तीच ठेवली होती. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो यांच्या २०१६ च्या विश्लेषणानुसार विशेष वर्गात निवडल्या जाणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांत १३० टक्क्यांनी वाढले. पुढे आर्थिक कारणाने ही चाळणी बंद झाली आणि प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे घसरले. ही मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती. त्यांचे नाव कोणी सुचविले नव्हते, एवढेच.

अशाब्दिक कसोट्या भाषा व संस्कृती यांच्या प्रभावापासून मुक्त असतात, हा समज मात्र टिकत नाही. जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या कसोटीपासून रूढ झालेल्या प्रश्नप्रकारात तीन ओळी व तीन स्तंभांच्या चौकटीत आकृत्या असतात, प्रत्येक ओळीत काहीतरी एका नियमाने बदलत जाते आणि नववी जागा रिकामी असते. अशी चौकट पूर्वी पाहिलेले मूल थेट नियम शोधू लागते; प्रथमच पाहणाऱ्या मुलाचा पहिला काही वेळ, आपल्याला काय विचारले आहे हे समजण्यातच जातो. डेव्हिड लोहमन यांच्या मते अशा कसोट्यांवरूनही गटागटांतील अंतर नाहीसे होत नाही, आणि वाचन व गणित यांतील पुढील प्रगतीचे भाकीत शाब्दिक व संख्यात्मक तर्काच्या कसोट्या अधिक चांगले करतात. म्हणूनच मुलाची तुलना देशभरातील प्रमाणकांऐवजी त्याच शाळेतील किंवा तशीच संधी मिळालेल्या मुलांशी करावी, हा स्थानिक प्रमाणकांचा मार्ग अलीकडे पुढे आला आहे.

व्याख्येचा विस्तार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी १९५० मध्ये सर्जनशीलतेच्या अभ्यासाची गरज मांडली, आणि तेथीलच टॉरन्स यांच्या सर्जनशील विचाराच्या कसोट्या १९६६ मध्ये आल्या. १९७२ च्या अमेरिकी मारलंड अहवालाने सामान्य बुद्धी, विशिष्ट विषयातील अभिक्षमता, सर्जनशील विचार, नेतृत्व, कला व मनःकारक क्षमता (शारीरिक हालचालींतील कौशल्य) अशी सहा क्षेत्रे सांगितली. जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून अधिक क्षमता, कार्यनिष्ठा व सर्जनशीलता यांच्या छेदाला प्रज्ञा म्हटले आणि पुढे १५ ते २० टक्के मुलांना संधी देऊन नंतर निवड व्हावी, असे सुचविले. नेतृत्व व कला या क्षेत्रांत शाळांची साधने अजून तज्ज्ञांसमोरील सादरीकरण आणि कामांचे संचित यांपलीकडे फारशी गेलेली नाहीत.

अध्ययन अक्षमता आणि असामान्य क्षमता एकाच मुलात असेल, तर दोन्ही एकमेकींना झाकतात : वाचनदोषामुळे गुण सरासरीवर येतात आणि तर्काच्या बळावर मूल वर्गाबरोबर राहते, म्हणून कोणतीच गरज नोंदली जात नाही. अशा मुलांच्या बाबतीत एकूण गुणांक दिशाभूल करतो. उपकसोट्यांतील चढउतार पाहावे लागतात.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उपयुक्त साधन वरच्या पातळीची चाचणी होय. लेटा हॉलिंगवर्थ यांना १९२०-३० च्या काळात असे आढळले की, वयाला साजेशी कसोटी फार हुशार मुलांना लवकरच अपुरी पडते. सर्वच प्रश्न सुटले की या मुलांतील फरक दिसेनासा होतो. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेच तत्त्व व्यवस्थितपणे वापरले आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची गणिताची परीक्षा दिली. समवयस्कांच्या परीक्षेत सारखेच दिसणारे विद्यार्थी या परीक्षेत एकमेकांपासून दूर विखुरले. शाळेत याचे साधे रूप असे : वर्षाच्या आरंभी, काहीही शिकविण्यापूर्वी, त्याच वर्गाची वार्षिक परीक्षेच्या धर्तीवरील प्रश्नपत्रिका सर्वांना द्यायची. जे मूल ती जवळजवळ पूर्ण सोडविते त्याला पुढच्या इयत्तेची, आणि तीही सुटली तर त्यापुढची. ज्या प्रश्नपत्रिकेवर ते अडखळू लागते, त्या प्रश्नपत्रिकेतील चुकलेल्या प्रश्नांपासून त्या मुलाचे त्या विषयातील त्या वर्षीचे अध्यापन सुरू करता येते.