बारा काळ, पण रूपे चारच

नागपुरात सीताबर्डीपासून महालापर्यंत शिकवणी वर्गांतल्या मुलांनी पिढ्यानपिढ्या घोकलेला समज असा की, इंग्रजीत 12 काळ असल्यामुळे प्रत्येक क्रियापदाची निदान 12 रूपे पाठ करावी लागतात. हे खरे नाही. नियमित क्रियापदाची रूपे चारच असतात; संत्रानगरीला शोभेल असे 'सोलणे' घेतले, तर पील, पील्स, पील्ड आणि पीलिंग. बाकीचे काम विल, हॅव, बी ही साहाय्यक क्रियापदे करतात, आणि भविष्यकाळासाठी तर क्रियापदाचे वेगळे रूपच नाही, 'विल'पुढे मूळ 'पील' तसेच राहते.

खरी गुंतागुंत आपल्या मराठीत आहे. मी कांदा सोलला, काकडी सोलली, संत्रे सोलले, असे कर्माच्या लिंगानुसार आपले क्रियापद बदलते, पण इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'पील्ड'च. तरीही अवघड म्हणून बदनाम इंग्रजीच!

लक्ष द्यायचे ते स्पेलिंगकडे आणि त्याहून अधिक उच्चाराकडे, कारण 'स्टॉप'ला ईडी लावताना शेवटचा पी दुप्पट होतो, 'स्टडी'तल्या वायचा आय होतो, आणि ईडीचा उच्चार सरसकट 'एड' होत नाही: 'वॉक'चे 'वॉक्ट' होते, 'पील'चे 'पील्ड', आणि टी किंवा डीच्या ध्वनीने संपणाऱ्या 'वॉन्ट'सारख्या क्रियापदांपुढेच वेगळे अक्षर ऐकू येते, 'वॉन्टिड'. आपल्याकडचे 'वॉकेड' मात्र फळ्यावरून थेट मुलाखतीपर्यंत पोहोचते.