किकरवरचं १०८० आणि हाफपाइपमधलं १०८०

स्नोबोर्डची स्पर्धा बघताना समालोचक एका दमात ‘टेन एटी’, ‘ट्वेल्व्ह सिक्स्टी’ म्हणत सुटतो. आपण धरून चालतो की आकडा म्हणजे गिरकी किती अंशांची ते, बाकी काही नाही. बिग एअर (एकच मोठी उडी) किंवा स्लोपस्टाइल (उड्या आणि अडथळ्यांचा मार्ग) बघत असाल तर तेवढ्यावर भागतं. हाफपाइपमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या बर्फाच्या लांब खोबणीत, भागत नाही. तिथे त्याच आकड्याची गिरकी घेऊन रायडर दुसराच पाय पुढे ठेवून उतरतो, आणि किकरवरून पाइपकडे वळलेल्या शिकणाऱ्याचा गोंधळ इथेच सुरू होतो.

किकरचा हिशेब सोपा. बर्फाचा चढ, त्यावरून उडी, पलीकडे उतार. उडताना ज्या दिशेने निघालात, उतरल्यावरही त्याच दिशेने जाता. डावा पाय पुढे ठेवून ३६० घेतलंत, तर उतरताना डावाच पुढे. १८० किंवा ५४० घेतलंत तर उजवा पुढे येतो, म्हणजे स्विच. १०८० म्हणजे तीन पूर्ण गिरक्या, त्यामुळे पाय मूळचाच. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनच्या सू यिमिंगने १८०० च्या गिरक्यांवर बिग एअरचं सुवर्ण घेतलं. तिथेही तेच गणित: पाच पूर्ण फेरे आणि पाय जिथल्या तिथे.

आता पाइप. सुपरपाइपची, म्हणजे मोठ्या स्पर्धांमधल्या हाफपाइपची, भिंत २२ फूट, म्हणजे सुमारे ६.७ मीटर उंच असते आणि लिपजवळ, म्हणजे वरच्या कडेजवळ, जवळजवळ उभी होते. रायडर तिच्यावरून वर जातो आणि त्याच भिंतीवर, थोडा उताराकडे सरकून, परत येतो. वर जाताना दिशा वर, येताना खाली. म्हणजे दिशाच उलटली. बोर्ड हवेत जराही वळवला नाही, तर तुम्ही मागचं टोक पुढे करून खाली याल. असं मुद्दाम करतात, त्याला एअर टू फेकी म्हणतात. नेहमीसारखं, पुढचं टोक पुढे ठेवून उतरायचं तर अर्धा फेरा घ्यावाच लागतो. पाइपमधल्या अगदी साध्या एअरमध्ये १८० अंश आधीच दडलेले असतात; फक्त त्याला कुणी गिरकी म्हणत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पाइपमध्ये ५४०, ९०० आणि १२६० घेतलं की पाय मूळचा राहतो. ३६०, ७२०, १०८० आणि १४४० घेतलं की स्विच. किकरच्या नेमकं उलट.

अमेरिकेच्या क्लोई किमने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये शेवटच्या फेरीत लागोपाठ दोन १०८० घेतली आणि ९८.२५ गुण मिळवले. त्या जोडीतलं खरं अवघडपण या गणितात आहे. पहिलं फ्रंटसाइड (छाती आधी जाण्याच्या दिशेला वळवून घेतलेलं; पाठ आधी वळली तर बॅकसाइड) १०८० तिला स्विचमध्ये उतरवतं. समोरची भिंत दोन-तीन सेकंदांत येते, पाय बदलायला उसंत नाही. म्हणून दुसरी उडी कॅब, म्हणजे स्विचमध्येच उडून फ्रंटसाइडला घेतलेली गिरकी. पहिलं उतरणं जरा जरी डगमगलं तरी दुसरं सुरूच होत नाही. किकरवर दोन १०८० लागोपाठ मारणारा रायडर दोन्ही वेळा आपल्या सवयीच्या पायावर असू शकतो. पाइपमध्ये ती मुभा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाइपमध्ये ३६० शिकायच्या आधी स्विचमध्ये भिंत चढता-उतरता आली पाहिजे, नुसत्या स्विच वळणांवर भागणार नाही. ते येत नसेल तर ३६० हवेत कितीही सुरेख दिसो, उतरल्यावर पुढच्या भिंतीशी तुम्ही परक्यासारखे उभे राहता.

दुसरा फरक शरीराला कळतो, आणि तो जास्त लागतो. किकरच्या टोकावर पाय झटकून उसळी घ्यायची सवय असते. तीच उसळी पाइपच्या लिपवर घेतली तर भिंत तुम्हाला पाइपच्या मधोमध ढकलते. मग उतरायला गोलाई मिळत नाही, थेट सपाट तळ मिळतो, आणि त्या उंचीवरून सपाटीवर आपटणं गुडघ्यांना आणि पाठीला महागात पडतं. उलट भीतीपोटी भिंतीकडे झुकलात तर बोर्ड लिपवर किंवा भिंतीच्या माथ्यावरच्या सपाट पट्टीवर, म्हणजे डेकवर, अडकतो. पाइपमध्ये उसळायचं नसतं. गोलाईत दबलेले गुडघे चढताना हळूहळू सरळ करायचे आणि भिंत संपेपर्यंत तिला सोडायचं नाही. उंची वेगातून येते, पायांच्या झटक्यातून नाही. सुरुवातीला लिपच्या खालीच वळावं, मग लिपला टेकून, मग एक वीतभर हवेत. मला हा कंटाळवाणा वाटणारा टप्पाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

भिंतींचाही स्वभाव वेगळा. डावा पाय पुढे असणाऱ्याला खाली बघताना उजवी भिंत फ्रंटसाइड. तिथे पंजाकडच्या कडेवर चढायचं आणि टाचेकडच्या कडेवर उतरायचं. डावी भिंत बॅकसाइड, तिथे क्रम उलटा. टाचेच्या कडेवर चढणं बहुतेकांना जड जातं, कारण पंजावर असताना घोटा जसा बारीक तोल सांभाळतो तसा टाचेवर सांभाळत नाही. उजवा पाय पुढे असेल तर भिंती अदलाबदल करून वाचा.

आता जपानच्या अयुमु हिरानोची २०२२ च्या ऑलिंपिकमधली सुवर्णफेरी या हिशेबाने वाचून बघा. फ्रंटसाइड ट्रिपल कॉर्क १४४० (कॉर्क म्हणजे गिरकीत शरीर तिरकं होऊन उलटणं; ट्रिपल म्हणजे तीनदा, डबल म्हणजे दोनदा), उतरला स्विचमध्ये. कॅब डबल कॉर्क १४४०, परत मूळच्या पायावर. मग फ्रंटसाइड १२६० आणि बॅकसाइड १२६०, दोन्ही वेळा पाय न बदलता. शेवटी फ्रंटसाइड डबल कॉर्क १४४०, पुन्हा स्विच, पण आता पुढे भिंतच उरलेली नाही.