पार्श्वभूमी : खान्देशातला कीबोर्डवाला

चाल बांधणारा, वाजवणारा आणि बाकीच्यांना हाकणारा माणूस एकच असावा, ही कल्पना रॉकवाल्यांनी आणली असं बोललं जातं. ते अर्धंच खरं. 1969 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका रॉक बँडच्या ऑर्गनवादकाने बँड आणि सिंफनी वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांची रचना मांडली, पण संचालनाला दुसराच संगीतकार उभा होता. उलट अठराव्या शतकातल्या युरोपात हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यावर बसलेला वादकच वाद्यवृंद चालवायचा. नुसती छडी हलवून संचालन करणारा नंतर आला.

आपल्याकडे खरा घोळ पेटीचा. 1940 मध्ये सरकारी रेडिओवरून हार्मोनियम हद्दपार झाली. सूर पट्टीला बांधलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) सांभाळल्या जात नाहीत, असं कारण दिलं गेलं. रागदारीपुरता हा आक्षेप रास्त होता. पण धुळे-जळगावकडचं भजनी मंडळ पेटीवाचून उभंच राहत नाही. त्यांच्या वाद्याला परकं ठरवणारे कुठल्या मैफलीत बसले होते कोण जाणे. 1971 मध्ये बंदी उठली तीही अर्धवट: साथीला मोकळीक मिळाली, एकलवादनाला नाही. या तीस वर्षांत पेटीवाला साथीदार म्हणूनच ओळखला गेला. त्याने चाल बसवली, तालीम घेतली, तरी मोठेपण गायकाचंच.

मग 1980 नंतर कॅसिओचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. नव्वदीत तो आपल्या बँडपार्ट्यांच्या गाडीवर चढला आणि चित्रच बदललं. डाव्या हाताशी सूर वाकवणारं चाक, म्हणजे 1940 च्या आक्षेपाला प्लास्टिकचं उत्तर! गायक म्हणाला ‘काळी दोन नको, काळी एक घ्या’, की पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. दुधी भोपळा आणि बांबूची पावरी, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, साक्रीकडच्या डोंगरातून लग्नाच्या वरातीत शिरली ती याच वाद्यातून. उजवा हात धून धरतो, डावा चाकावर, आणि मान उडवली की ताशेवाला थांबतो. संचालन म्हणतात ते हेच. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांची रोजी मात्र याच पेटाऱ्यात गेली. तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी, मग सीडी, मग यूट्यूब. रेकॉर्डिंगच्या खोलीत चाल, संयोजन, ठेका सगळं कीबोर्डवाल्याचं. पोस्टरवर मोठा फोटो गायकाचा आणि नाचणाऱ्यांचा.

आता पेन ड्राइव्हवर तयार ट्रॅक घेऊन डीजे येतो. तो स्वस्त पडतो, पण नवरदेवाच्या मामाने मधेच ‘पुन्हा पावरी!’ म्हटलं, तर चालू गाणं त्याच ठेक्यात पावरीकडे वळवणं ट्रॅकला जमत नाही. म्हणून जाणती घरं अजून आधी कीबोर्डवाल्या मास्तरची तारीख घेतात आणि मग मंडप ठरवतात.